मुहूर्ताचं काउंटडाउन

भिवंडीत सॉफ्टवेअर लिहिते असं सांगितलं की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "म्हणजे रोज ठाण्याला जाता का?" नाही, मी धामणकर नाक्याला बसते. खाली मेडिकलचं दुकान, समोर शेअर रिक्षांचा स्टँड, मागच्या गल्लीत पॉवरलूमची खडखड. फोनवर नीट बोलायचं तर खिडकी लावून घ्यावी लागते, आणि उन्हाळ्यात खिडकी लावली की बोलणंच नकोसं होतं. माझे वडील इथल्याच शाळेत शिक्षक होते. मुलगी कॉम्प्युटर शिकली म्हणजे बँकेत लागेल असं त्यांना वाटायचं. मी लागले गोडाऊनवाल्यांच्या मागे.

दिवाळी अंकासाठी धंद्यातले अनुभव लिहा, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा मी आधी चांगले चांगले अनुभव लिहायला घेतले. ते एका पानात संपले आणि वाचताना मलाच जांभई आली. म्हणून ज्याची आठवण झाली की अजून कान गरम होतात, तेच लिहायचं ठरवलं. प्रसंग फार जुना नाही. त्यातली सगळी माणसं नाक्यावर अधूनमधून भेटतात आणि माझ्याशी चांगलं बोलतात, हाच खरा त्रास आहे.

आधी धंदा समजावून सांगते, म्हणजे पुढची फजिती कळेल. माणसाला वेळ विचारली तर तो घड्याळ बघतो, नाहीतर सरळ म्हणतो की चहाची वेळ झाली. कॉम्प्युटरच्या पोटात मात्र वेळ म्हणजे नुसता एक आकडा. १९७० सालच्या एक जानेवारीला, ग्रीनिचच्या मध्यरात्री, हा आकडा शून्य होता असं धरायचं आणि तेव्हापासून किती सेकंद झाले ते मोजत राहायचं. त्याला टाइमस्टँप म्हणतात. मी जावास्क्रिप्ट नावाच्या भाषेत काम करते. तिच्यात 'डेट डॉट नाऊ' असं लिहिलं की आत्ताच्या वेळेचा आकडा हातात येतो. ही भाषा जरा जास्तच उत्साही आहे, ती सेकंदांऐवजी सेकंदाचे हजारावे भाग मोजते. म्हणून आलेल्या आकड्याला हजाराने भागायचं, उरलेला अपूर्णांक टाकून द्यायचा, झाला टाइमस्टँप. एका ओळीचं काम आहे, आमच्या धंद्यातलं पोरसुद्धा करतं.

या एका ओळीने मला किती वेळा तोंडघशी पाडलं ते मलाच ठाऊक. अंबाडीच्या रस्त्यावर एका शेठचं बिस्किटांचं गोडाऊन आहे. त्यांच्यासाठी मालाच्या तारखा सांभाळणारं सॉफ्टवेअर केलं होतं. एका सकाळी त्यांचा फोन आला. "मॅडम, आज आलेला ताजा माल १९७० सालचा आहे म्हणतंय तुमचं सॉफ्टवेअर. तेव्हा माझ्या बापाचं लग्नपण झालं नव्हतं." मी हजाराने भागलेला आकडा भागायचा नव्हता तिथे दिला होता. पुढे एका लूमवाल्याकडे नेमकं उलटं केलं, भागायचा तिथे भागला नाही. त्याच्या सुट्या भागांच्या गॅरंटीवर पाच आकडी साल उमटलं. तो मात्र खूश होता. "राहू द्या ना मॅडम, एवढी गॅरंटी कोण देतो आजकाल?" असं म्हणाला. असल्या चुका पाच मिनिटांत दुरुस्त होतात आणि पुढे वर्षभर हसायला पुरतात. कामात हात बसला तसा मला या बाबतीत थोडा ताठाही आला होता. वेळ कळायची तर माझ्याकडून, असं काहीसं.

अशात बाळाशेठ आले. आगरी समाजातलं मोठं प्रस्थ. वडिलोपार्जित जमिनीवर गोडाऊन उभी आहेत, त्यातल्या दोन ठिकाणी माझं सॉफ्टवेअर चालतं. त्यांच्या थोरल्या भावाची मुलगी प्रणाली, तिचं लग्न ठरलं होतं. थोरले भाऊ काशिनाथ बऱ्याच वर्षांपूर्वी वारले, आणि तेव्हापासून वहिनी आणि प्रणाली बाळाशेठच्याच घरात. लग्न दणक्यात व्हायला हवं होतं.

"मॅडम, स्टेजच्या मागं मोठी एलईडी लावणार," ते म्हणाले. "मुहूर्ताचा काउंटडाउन पायजे. रॉकेट सोडतात ना, तसा. शून्य झाला का भोंगा, गाना, कागदाचा फटाका, सगला एकदम. एका सेकंदाचा फरक नाय पडला पायजे."

"सेकंदाचा काय, बाळाशेठ, हजाराव्या भागाचाही पडणार नाही," मी म्हटलं. हे वाक्य मी लिहून काढलं ते एवढ्यासाठी, की अशी वाक्यं बोलताना जीभ किती सैल सुटते ते वाचणाऱ्यालाही कळावं.

वहिनींची, म्हणजे नवरीच्या आईची, एकच अट होती. लग्नात हिरूबाय धवळा गाणार. आगरी लग्नात धवळे गाणारी जाणती बाई असते, तिला धवलारीण म्हणतात. देवांना आवतण देणं, हळद, मांडव, सगळं तिच्या गाण्याने पुढे सरकतं. आता बऱ्याच घरांत ते मागे पडलंय, पण या घराण्याची एक पद्धत टिकली आहे. आधी गुरुजींची मंगलाष्टकं होतात. मग अंतरपाट तसाच धरून ठेवतात आणि धवलारीण शेवटचा धवळा गाते. त्यात नवरीच्या माहेरच्या माणसांची नावं येतात, आधी जुनी, मग एकेक पिढी खाली, आणि शेवटचं नाव बापाचं. बापाचं नाव घेतलं की अंतरपाट दूर होतो आणि मुलगी सासरची होते. हिरूबाय दिघाशी गावची, वयाने सत्तरीच्या पुढची. वहिनींच्या स्वतःच्या लग्नात हिरूबायच्या आईने गायलं होतं.

"प्रणालीच्या बापाचा नाव मांडवान घेतला पायजे," वहिनी मला म्हणाल्या. "बाकी तुमचा काय भोंगा-बिंगा वाजवायचा तो वाजवा."

मी म्हटलं, त्यात काय अडचण आहे. खरोखरच नव्हती. मुहूर्त दुपारचा होता आणि वेळ भरपूर ठेवला होता.

माझ्या ऑफिसातल्या लॅपटॉपवर काउंटडाउन झकास चाललं. मुहूर्ताचा आकडा ठरलेला, त्यातून 'डेट डॉट नाऊ'चा आकडा वजा केला की उरलेला वेळ पडद्यावर. लग्नाच्या दिवशी ते हॉलमधल्या एलईडी चालवणाऱ्या इरफानच्या लॅपटॉपवर चढवायचं होतं. चढवलं, आणि पडद्यावर मुहूर्ताला सहा महिने बाकी दिसायला लागले.

इरफान शांतपणे म्हणाला, "मॅडम, डेट पीछे रखी है. वो व्हिडिओवाला सॉफ्टवेअर ट्रायल का है ना. डेट पीछे रखो तो एक्सपायर नहीं होता."

ही युक्ती अर्ध्या भिवंडीला ठाऊक आहे. मला हसू आलं. "अरे बाबा, आज एक दिन के लिए तो आज की डेट डाल."

त्याने तारीख नीट केली. मग वेळ घालायला मान वर करून हॉलच्या भिंतीवरचं घड्याळ पाहिलं आणि तीच वेळ हाताने टाकली. मी त्याच्या शेजारी उभी होते. मला तारीख बरोबर दिसली आणि मी पुढे पाहिलंच नाही.

आता या धंद्यातली आणखी एक गोष्ट सांगायला हवी. 'डेट डॉट नाऊ' जगाला वेळ विचारत नाही. ज्या मशीनवर चालतं त्या मशीनला विचारतं, आणि मशीनला माणसाने जे सांगून ठेवलंय तेच ते आपल्याला परत सांगतं. हे मला माहीत होतं. हे पहिल्याच महिन्यात शिकवतात. आणि आपल्याकडच्या हॉलचं घड्याळ पुढे ठेवलेलं असतं, हेही मला माहीत होतं. पार्टीने हॉल वेळेत सोडावा म्हणून मॅनेजर लोक काटा चांगलाच पुढे ढकलून ठेवतात. माझं स्वतःचं लग्न याच नाक्याजवळ झालं, तेव्हा आम्ही त्यावरून भांडलोही होतो. पण त्या क्षणी मी पैठणी नेसून स्टेजच्या पायरीवर उभी होते आणि बाळाशेठ एकेका पाहुण्याला आणून दाखवत होते, "ह्या मॅडमनी बनवलाय." पाहुणे वर पडद्याकडे बघायचे, मग माझ्याकडे. मला फार बरं वाटत होतं.

गुरुजींनी पडदा पाहिला तेव्हा त्यावर मुहूर्त अगदी जवळ आला होता, म्हणून मंगलाष्टकं घाईने सुरू झाली. त्याआधी ते एकदा मनगटावरच्या घड्याळाकडे बघून मला म्हणाले होते, "अहो, माझ्या हिशेबाने अजून बराच अवकाश आहे. बाईंना सावकाश गाता येईल."

"गुरुजी, तुमचं घड्याळ मागे असेल," मी म्हटलं. "हा कॉम्प्युटर आहे."

गुरुजी सज्जन माणूस. त्यांनी मनगट खाली केलं आणि उपरण्यात झाकलं.

मंगलाष्टकं संपली. हिरूबाय पुढे झाली. अंगाने वाळलेली, नऊवारीचा काष्टा घट्ट, डोळे मिटलेले. कुणी माईक तिच्या हातात द्यायला गेलं तर तिने घेतला नाही, म्हणून बाजूच्या मुलीने तिच्या तोंडापुढे धरला. मी असे धवळे आधी कधी लक्ष देऊन ऐकले नव्हते. आवाज थकलेला होता पण चाल सुटत नव्हती. एकेक नाव घ्यायची, त्याला दोन ओळी जोडायची, मग खालच्या पिढीवर यायची. वहिनी पहिल्या रांगेत दोन्ही हातांनी पदर तोंडाशी धरून बसल्या होत्या. पडद्यावर आकडे उतरत होते. लोक आता आकडे मोठ्याने म्हणायला लागले. दहा, नऊ, आठ. हिरूबाय आजोबांच्या नावावर होती.

शून्य झालं. मी इरफानला सांगून ठेवलं होतं की शून्याला सगळे माईक बंद. ते बंद झाले. भोंगा वाजला, कागदांचा फटाका फुटला, गाणं सुरू झालं आणि अंतरपाट धरणाऱ्यांनी गोंधळून तो सोडला. अक्षतांचा पाऊस पडला. हॉल नुसता दणाणून गेला. बाळाशेठनी लांबूनच मला अंगठा दाखवला.

तेवढ्यात माझा फोन थरथरला. नवरा होता. "अगं, पार्किंगला जागाच मिळत नाहीये. पण येतो, मुहूर्ताला अजून पंधरा-वीस मिनिटं आहेत ना?"

मी फोनवरची वेळ पाहिली. मग भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं लोक म्हणतात ते उगीच नाही. दारातून पाहुणे अजून येतच होते, हातात आहेराची पाकिटं घेऊन, आणि आत येऊन एकमेकांना विचारत होते, "लागलं? एवढ्यात?"

मी गुरुजींकडे गेले. त्यांनी मला बोलूच दिलं नाही. त्यांनी मनगट पुन्हा बाहेर काढलं होतं. "शुभवेळेत थोडं पुढेमागे चालतं, त्याचं मी बघून घेईन," ते हळू आवाजात म्हणाले. "पण त्या बाईंचं गाणं राहिलं हो." मी बाळाशेठना सांगितलं. ते हसले. "कोनाला बोलू नका, मॅडम. फटाका भारी झाला." आणि ते पाहुण्यांकडे वळले. कुणीतरी माझ्यावर ओरडायला हवं होतं. कुणी ओरडलं नाही.

वहिनी गर्दीतून माझ्यापर्यंत आल्या. डोळे ओले होते, पण चेहरा उजळला होता. त्यांनी माझा हात धरला.

"मॅडम, तुमी हिरूबायच्या बाजूलाच होते ना? ह्यांचा नाव घेतला ना तिनी? भोंग्यान मना काय आयकू नाय आला."

मी म्हटलं, "घेतलं."

एवढा एकच शब्द. विचार करायला वेळच नव्हता असं मी स्वतःला सांगत आले आहे, पण वेळ होता. मी त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि मला खरं बोलायचं धाडस झालं नाही. हिरूबाय मागेच खुर्चीवर बसून पाणी पीत होती. वहिनी तिच्याकडे वळल्या. "हिरूबाय, घेतला ना?"

"घेतला, बाय," हिरूबाय म्हणाली. "सगल्यांचा घेतला."

वहिनी तिच्या पाया पडल्या आणि मुलीकडे गेल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझी चूक, आणि ती झाकायला या म्हातारीला मांडवात खोटं बोलावं लागलं, असं मला वाटलं. जेवणं झाल्यावर दिघाशीच्या बायका टेम्पोत चढत होत्या, तिथे मी तिला गाठलं.

"हिरूबाय, मला माफ करा. माझ्यामुळे तुम्हाला खोटं बोलावं लागलं."

ती एक पाय टेम्पोच्या पायरीवर ठेवून थांबली. "खोटा?" ती म्हणाली. "मी? मांडवान?"

मला वाटलं, मोठ्या मनाची बाई आहे, माझ्या समोर कबूलही करत नाही. मी हात जोडले. ती पायरी चढून बायकांमध्ये जाऊन बसली. टेम्पो निघून गेला.

ऑफिसात परत आल्यावर मी ती ओळ बदलली. आता माझं कुठलंही काउंटडाउन समोरच्या मशीनवर विश्वास ठेवत नाही, इंटरनेटवरून खरी वेळ मागून घेतं आणि मशीनच्या वेळेशी किती फरक आहे तो आधी मोजतं. शून्य झालं तरी भोंगा आपोआप वाजत नाही, कुणातरी माणसाला बटण दाबावं लागतं. गिऱ्हाइकं कुरकुर करतात की मॅडम, मग कॉम्प्युटर कशाला. मी म्हणते, असू द्या. सगळी दुरुस्ती एका दुपारचं काम होतं.

काही आठवड्यांनी वहिनींचा फोन आला. लग्नाचा व्हिडिओ पेनड्राइव्हवर आलाय, टीव्हीवर चालत नाही, बघता का? आमच्या धंद्यात लोक कशालाही बोलावतात, प्रिंटरपासून मिक्सरपर्यंत. जाऊ नये असंच वाटत होतं. पण टाळलं तर आणखी वाईट दिसेल म्हणून गेले. व्हिडिओ आहे, म्हणजे त्यात आवाज आहे, म्हणजे त्यांना आज सगळं कळणार, एवढंच डोक्यात घेऊन मी जिना चढले. तिथेच सगळं सांगून टाकायचं, असं ठरवलं होतं.

पण वहिनींनी तो आधीच पाहिला होता. प्रणाली माहेरी आली होती, तिने परत जाताना तो त्यांच्या फोनवर घालून दिला होता, त्यांना आता तो मोठा बघायचा होता. मी टीव्हीला लॅपटॉप जोडला. त्या म्हणाल्या, "धवल्यावर घ्या." मी घेतलं. आकडे उतरत आले, भोंगा वाजला, आणि मी मान खाली घातली.

"वर बघा ना, मॅडम. मागं घ्या जरा. हां, इथं थांबवा."

मी थांबवलं, मग त्यांनी सांगितलं तसं हळूहळू पुढे सरकवलं. आवाज नुसत्या भोंग्याचा. माईक धरणारी मुलगी अक्षता टाकायला पळाली होती. अंतरपाट खाली पडला होता, सगळे नवरा-नवरीकडे झेपावले होते. आणि या सगळ्यात हिरूबाय तिथेच उभी होती, डोळे मिटलेले, आणि गात होती. ती थांबलीच नव्हती. कागदाचे तुकडे तिच्या डोक्यावर पडत होते आणि ओठ हलत होते. वहिनी टीव्हीजवळ जाऊन उभ्या राहिल्या आणि तिच्या ओठांबरोबर आपले ओठ हलवत म्हणाल्या, "का-शि-ना-थ." मग हिरूबायने हात जोडले आणि डोळे उघडले.

"रोज बघते मी," वहिनी म्हणाल्या. "कानानी नाय आयकला, पन घेतला. तुमी सांगितला तवाच माझा जीव भांड्यात पडला. तुमी तर जवलच होते, तुमी आयकला असल."

मी जे सांगायचं ठरवून आले होते ते सांगितलं नाही. टेम्पोच्या पायरीवर थांबलेली हिरूबाय डोळ्यांपुढे आली. तिच्या तोंडावर मी तिला खोटारडी ठरवलं होतं, आणि वर माफी मागून.

वहिनी चहा टाकायला आत गेल्या. टीव्हीवर चित्र तसंच थांबलेलं होतं. तेव्हा मला दिसलं की त्याच चित्रात हिरूबायच्या शेजारी, हात लांबवला तर तिला लागेल एवढ्या अंतरावर, पैठणी नेसलेली एक बाई उभी आहे. तिची पाठ हिरूबायकडे आहे. मान वर करून ती पडद्यावरचं शून्य बघते आहे आणि टाळ्या वाजवते आहे.